बिनतारी संच आणि टेलिफोन : कार्टरफोनची गोष्ट



विसर्जन मिरवणुकीच्या बंदोबस्ताला उभा असलेला पोलीस आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. कमरेला वॉकी-टॉकी, त्यातून निघालेली गुंडाळीची वायर वर खांद्यापर्यंत आलेली, आणि तिथे चिमट्यानं अडकवलेला एक छोटा माइक. कधी कानात इयरफोनही असतो. आता वॉकी-टॉकीला स्वतःचा माइक असतोच, स्पीकरही असतो. मग हे वरचं लटांबर कशाला? तर ढोल-ताशांच्या गदारोळात संच दर वेळी तोंडापाशी आणा, कानाशी न्या, हे जमत नाही. संच बनवणाऱ्याला तो कुठेकुठे वापरला जाईल हे आधी कळत नसतं, ते वापरणाऱ्यालाच कळतं. म्हणून तो आपल्या गरजेप्रमाणे बाहेरचं काहीतरी त्याला जोडतो.

आज आम्ही बोलणार आहोत ते या जोडण्याबद्दल. बिनतारी संचाला बाहेरचं ध्वनियंत्र जोडायचं म्हटलं की दोन प्रश्न उभे राहतात. एक, ते नीट जोडायचं कसं. दुसरा, जोडायला परवानगी कोणाची लागते. पहिला प्रश्न कारागिराचा आहे, दुसरा कायद्याचा. हे दोन्ही प्रश्न अमेरिकेत एका लहानशा यंत्रात एकत्र आले. यंत्र १९५९ पासून विकलं जात होतं, आणि त्याच्या परवानगीचा निकाल लागला १९६८ साली. त्या यंत्राचं नाव कार्टरफोन. आपण आज घरात टेलिफोन, मॉडेम, फॅक्स, जे काय बाजारातून आणून भिंतीवरच्या खोबणीत खोचतो, त्याचा रस्ता बऱ्याच अंशी या यंत्रानं मोकळा केला.

आधी काळ समजून घेऊ. दुसरं महायुद्ध संपलं आणि बिनतारी संच लष्कराबाहेर मोठ्या प्रमाणावर आले. पोलिसांकडे ते युद्धाच्या आधीपासून होते. युद्धानंतर टॅक्सीवाले, मालवाहतूकदार, तेलविहिरींवर काम करणाऱ्या कंपन्या, मोठमोठ्या कुरणांचे मालक अशा सगळ्यांना ते हवे होते. पद्धत अशी: कार्यालयात एक मुख्य संच, त्याचा उंच अँटेना, आणि गाड्यांमध्ये छोटे संच. मुख्य संचापाशी बसलेला माणूस गाडीतल्या माणसाशी बोलणार. पण गाडीतल्या माणसाला समजा डॉक्टरशी बोलायचं आहे, किंवा घरी, किंवा शहरातल्या सुट्या भागांच्या दुकानदाराशी, तर काय? संचावर तो फक्त आपल्या कार्यालयाशीच बोलू शकत होता. कार्यालयातला माणूस एका हातात टेलिफोनचा रिसीव्हर आणि दुसऱ्या हातात संचाचा माइक धरून इकडचा निरोप तिकडे सांगत बसे. दहा वाक्यांच्या बोलण्यात दोन वाक्यं गळत, आणि आकडा असेल तर हमखास चुकत असे.

गाडीतून थेट टेलिफोन करायची सोय नव्हतीच असं नाही. एटी अँड टी, म्हणजे बेल टेलिफोन कंपन्यांची मातृसंस्था, तिनं १७ जून १९४६ ला सेंट लुइस शहरात गाडीतल्या टेलिफोनची सेवा सुरू केली होती. पण त्या यंत्राचं वजन सुमारे ८० पौंड, म्हणजे ३६ किलोच्या आसपास. जोडणी करून द्यायला मध्ये ऑपरेटर. आणि अख्ख्या शहरात एका वेळी मोजकीच संभाषणं होऊ शकत, कारण तेवढेच मार्ग उपलब्ध होते. ज्याच्याकडे आधीच स्वतःचा बिनतारी संच आहे, त्यानं हे दुसरं महागडं लचांड का घ्यावं? त्याच्या टेबलावर संच होता, त्याच टेबलावर टेलिफोनही होता. मधलं अंतर वीतभर.

ते वीतभर अंतर कापणं किती अवघड होतं, हे जरा तपशिलात सांगायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच आहे.

पहिली अडचण सवयीची. टेलिफोनवर दोघं एकाच वेळी बोलू शकतात, मधेच हुंकार देऊ शकतात, भांडूही शकतात. त्या काळच्या साध्या बिनतारी संचावर एका वेळी एकानंच बोलायचं. बटण दाबलं की आपला आवाज जातो, पण दुसऱ्याचा ऐकू येत नाही. बटण सोडलं की ऐकू येतं, पण आपला आवाज जात नाही. म्हणून तर बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायची रीत पडली. आता टेलिफोनच्या दुसऱ्या टोकाला जो डॉक्टर आहे, त्याच्याकडे असं बटण कुठलं? त्याच्या वतीनं ते दाबणार कोण?

दुसरी अडचण पातळीची. माइकमधून संचात जाणारा विद्युत संदेश अगदी क्षीण, काही हजारांश व्होल्टचा असतो. स्पीकरकडे जाणारा त्याच्या कितीतरी पट जोरकस. एका यंत्राच्या स्पीकरची तार थेट दुसऱ्याच्या माइकच्या जागी जोडली तर आवाज फाटतो, शब्द कळत नाहीत. ज्यांनी लग्नाच्या हॉलमध्ये टेपरेकॉर्डर चुकीच्या जागी जोडलेला ऐकला आहे त्यांना हा आवाज माहीत आहे.

तिसरी अडचण विलगीकरणाची. दोन यंत्रं दोन वेगळ्या ठिकाणांहून वीज घेतात, त्यांची जमिनीशी जोडणी वेगळी असते. तारेनं ती एकत्र आणली की मुख्य विजेची गुणगुण आवाजात शिरते. शिवाय टेलिफोनच्या तारेत एक्स्चेंजकडून आलेला सुमारे ४८ व्होल्टचा दाब कायम असतो, आणि घंटी वाजताना ९० व्होल्टच्या आसपासचा प्रवाह येतो. हा प्रवाह संचात गेला तर संचाचं नुकसान, आणि संचातला प्रवाह तारेत गेला तर एक्स्चेंजपर्यंत त्रास. त्यात बिनतारी प्रक्षेपकाच्या लहरी जवळच्या प्रत्येक तारेत घुसायला बघतात, तो ताप वेगळाच.

हौशी रेडिओवाले, ज्यांना आपण हॅम म्हणतो, त्यांनी या अडचणी आपल्या परीनं सोडवल्या होत्या. ट्रान्सफॉर्मर वापरून ते संच आणि टेलिफोन यांच्यात प्रत्यक्ष तारेचा संबंध न येऊ देता आवाज तेवढा पलीकडे पोहोचवत. त्याला 'फोन पॅच' म्हणत. व्हिएतनाम युद्धाच्या काळात या फोन पॅचनं फार मोठं काम केलं. सैनिक तिकडून लष्करी बिनतारी केंद्रावरून बोलायचा, अमेरिकेतला एखादा हौशी स्वयंसेवक तो आवाज पकडून आपल्या घरच्या टेलिफोनला जोडायचा, आणि तिथून सैनिकाच्या घरी फोन लागायचा. आईला, बायकोला आधी समजावून सांगावं लागे की बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं, तरच मी बटण फिरवीन. 'तुझी फार आठवण येते, ओव्हर' असं तिऱ्हाईत माणसाच्या साक्षीनं म्हणायचं! ॲरिझोनाचे सिनेटर आणि १९६४ चे अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर स्वतः हॅम होते, आणि त्यांच्या घरचं केंद्र या कामासाठी नावाजलेलं होतं. टेलिफोन कंपनीच्या नियमात हे पॅच काटेकोरपणे पाहता बसत नव्हते. पण हौशी माणसं, त्यातून सैनिकांचं काम. कंपन्या सहसा काणाडोळा करत.

काणाडोळा संपतो कुठे, तर हौस संपून धंदा सुरू होतो तिथे. इथे टेक्सासचा टॉम कार्टर येतो.

थॉमस कार्टर हा डॅलसचा. बिनतारी संच विकणं आणि बसवून देणं हा त्याचा व्यवसाय, कंपनीचं नाव कार्टर इलेक्ट्रॉनिक्स. गिऱ्हाइकांची वर सांगितलेली अडचण त्याला रोज दिसत होती. त्यानं एक यंत्र बनवलं. दिसायला अगदी साधं. एका खोक्यावर दोन खळगे, टेलिफोनचा रिसीव्हर बरोबर बसेल असे. एका खळग्यात माइक, दुसऱ्यात स्पीकर. कार्यालयातल्या माणसानं डॉक्टरला फोन लावायचा, आणि डॉक्टर बोलायला लागला की रिसीव्हर त्या खळग्यांत ठेवून द्यायचा. डॉक्टरचा आवाज रिसीव्हरमधून हवेत, हवेतून माइकमध्ये, माइकमधून बिनतारी संचात, आणि तिथून गाडीतल्या माणसाकडे. उलट दिशेनंही तसंच.

आता वरच्या तीन अडचणी घ्या. बटण कोण दाबणार? कार्टरनं आवाजावर चालणारा स्विच बसवला. टेलिफोनवरचा माणूस बोलायला लागला की प्रक्षेपक आपोआप चालू, तो थांबला की संच परत ऐकण्याच्या स्थितीत. पातळीचं काय? यंत्राला एक वेगळा स्पीकर होता. कार्यालयातला माणूस त्यावर संभाषण ऐकू शके, आवाज कमीजास्त करू शके, आणि बोलणं संपलं की रिसीव्हर उचलून जागेवर ठेवी. आणि विलगीकरण? ते हवेनं केलं. टेलिफोनची एकही तार यंत्राला लागलेली नाही. मध्ये हवा असताना ना गुणगुण इकडून तिकडे जाते, ना व्होल्टेज.

कारागिरीच्या दृष्टीनं पाहिलं तर याहून सुरक्षित जोडणी सापडणं कठीण. त्यात उणिवा होत्याच. आवाजावर चालणाऱ्या स्विचला जागं व्हायला क्षणभर लागतो, त्यात पहिलं अक्षर खाल्लं जातं. खोलीत कोणी मोठ्यानं बोललं, दार आपटलं, तर तेही पलीकडे जाऊ शकतं. पण काम होत होतं. १९५९ ते १९६६ या काळात सुमारे ३,५०० कार्टरफोन विकले गेले.

मग अडचण कुठे आली? ती टेलिफोनच्या अटींच्या पुस्तिकेत होती.

अमेरिकेत त्या वेळी टेलिफोन म्हणजे बहुतेक ठिकाणी बेल कंपनी. एक्स्चेंज त्यांची, तारा त्यांच्या, आणि घरातलं यंत्रही त्यांचंच, त्यांच्याच वेस्टर्न इलेक्ट्रिक कारखान्यात बनलेलं. गिऱ्हाईक ते भाड्यानं वापरी. कंपनीच्या दरांची आणि अटींची पुस्तिका, जिला तिथे टॅरिफ म्हणतात, ती केंद्रीय नियामक मंडळाकडे, म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे दाखल केलेली असे, आणि एकदा दाखल होऊन लागू झाली की तिला कायद्याचं बळ येई. त्या पुस्तिकेतली एक अट अशी होती की कंपनीनं न दिलेलं कोणतंही साधन कंपनीच्या यंत्रणेला जोडायचं नाही. प्रत्यक्ष तारेनं नाही, प्रवर्तनानं नाही, आणि अन्य कोणत्याही प्रकारे नाही. हा 'अन्य कोणत्याही प्रकारे' फार लांबवर पोहोचणारा शब्दप्रयोग आहे. हवासुद्धा त्यात आली.

ही अट नुसती कागदावर नव्हती. हश-अ-फोन नावाच्या एका साध्या साधनावर ती चालवून झालेली होती. हश-अ-फोन म्हणजे टेलिफोनच्या बोलायच्या तोंडावर बसवायचा एक कपासारखा आडोसा. त्यात तोंड घालून बोललं की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ऐकू जात नसे. त्यात वीज नाही, तार नाही, काही नाही. १९२१ पासून ते विकलं जात होतं आणि सव्वा लाखाहून अधिक नग खपले होते. कंपनीनं त्यावरही हरकत घेतली. तक्रार १९४८ साली दाखल झाली, आणि १९५५ साली मंडळानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. सात वर्षं, एका कपासाठी! मग १९५६ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं तो निकाल फिरवला. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं. माणूस तोंडाभोवती हाताचा आडोसा करून बोलला तर तुमची हरकत नाही, आणि तेच काम करणारी वस्तू लावली तर आहे, याला अर्थ नाही. गिऱ्हाइकाला स्वतःला उपयोगी पडेल आणि सार्वजनिक नुकसान होणार नाही अशा रीतीनं आपला टेलिफोन वापरायचा त्याला हक्क आहे.

हा निकाल कार्टरच्या यंत्राच्या तीन वर्षं आधीचा. कार्टरला वाटलं असेल की आपला मार्ग मोकळा आहे. पण कंपनीनं त्या निकालाचा अर्थ अगदी अरुंद घेतला. आडोशासारख्या साधनांना सूट दिली, आणि दुसरी संपर्कयंत्रणा टेलिफोनला जोडणाऱ्या साधनांवरची बंदी कायम ठेवली. टेलिफोन कंपन्यांनी आपल्या गिऱ्हाइकांना कळवायला सुरुवात केली की कार्टरफोन हे निषिद्ध साधन आहे, वापराल तर अटींप्रमाणे कारवाई होईल. कारवाई म्हणजे काय, तर टेलिफोन सेवा तोडणं. ज्याचा धंदाच टेलिफोनवर चालतो त्याला असं पत्र आलं की तो काय करणार? यंत्र कपाटात ठेवून देणार. कार्टरवर कोणी खटला भरला नाही, त्याच्या दुकानाला कोणी कुलूप लावलं नाही. फक्त त्याचं गिऱ्हाईक बिचकलं. आमच्या मते या प्रकरणातली ही सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट आहे. ज्याच्या हाती जोडणीची जागा आहे, त्याला दुसऱ्याचं यंत्र बंद पाडायला यंत्राला हातसुद्धा लावावा लागत नाही.

१९६५ साली कार्टर स्वतःच न्यायालयात गेला. दावा मक्तेदारीविरोधी कायद्याखाली होता. न्यायालयानं सांगितलं की ही अट वाजवी आहे की नाही हे ठरवायचं काम आधी नियामक मंडळाचं आहे. अपील न्यायालयानंही १९६६ साली तेच म्हटलं. मग प्रकरण मंडळापुढे आलं आणि १९६७ साली सुनावणी झाली.

कंपनीचं म्हणणं आपण नीट ऐकून घेतलं पाहिजे. मोठी कंपनी म्हणजे खलनायक असं ठरवून टाकलं की गोष्ट सोपी होते, पण इतिहास तेवढा सोपा नसतो. कंपनी म्हणत होती की टेलिफोनचं जाळं हे एकच यंत्र आहे. एका टोकाच्या माइकपासून दुसऱ्या टोकाच्या स्पीकरपर्यंत ते एकसंध आहे, आणि त्याच्या दर्जाची जबाबदारी आमची आहे. जबाबदारी आमची, तर प्रत्येक भागावर ताबाही आमचा हवा. कोणी ऐऱ्यागैऱ्यानं काहीबाही जोडलं, संदेश फार जोरात सोडला, तर तो शेजारच्या तारेत झिरपतो आणि दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं संभाषण बिघडतं. कोणी धोकादायक व्होल्टेज तारेत सोडलं तर खांबावर चढलेल्या आमच्या लाइनमनच्या जिवावर बेततं. ही भीती काल्पनिक नव्हती. आम्ही मघाशी ज्या तीन अडचणी सांगितल्या, त्यातूनच ती येते.

पण प्रश्न असा होता की या यंत्रानं काय नुकसान केलं? हजारो यंत्रं कित्येक वर्षं वापरात होती. त्यांनी जाळं बिघडवलं असं सुनावणीत सिद्ध झालं नाही. मंडळाच्या सुनावणी अधिकाऱ्यानं कार्टरफोनपुरती बंदी पुढे चालू राहू नये असं मत दिलं. मंडळ त्याच्याही पुढे गेलं. २६ जून १९६८ रोजी दिलेल्या निकालात, जो आयुक्त निकोलस जॉन्सन यांनी लिहिला, मंडळानं ती अटच अवाजवी, बेकायदेशीर आणि अवाजवी भेदभाव करणारी ठरवली. आणि ती आजपासून बेकायदेशीर नव्हे, तर अगदी पहिल्यापासूनच बेकायदेशीर होती असं सांगितलं. जाळ्याला खरोखर अपाय करणारी साधनं रोखायला कंपनीला मोकळीक होती. तशा अटी तिनं जरूर मांडाव्यात. पण अपाय करणारं आणि न करणारं अशी सगळीच साधनं एका सरसकट वाक्यात बंद करायची नाहीत.

इथे सिद्ध करायचं ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलं. आधी 'आमचं नाही, म्हणून नको' एवढं पुरत होतं. आता 'हे अमुक अपाय करतं, म्हणून नको' असं दाखवावं लागणार होतं.

यात एक गंमत आहे. ज्या यंत्रानं थेट तारेनं जोडण्याचा हक्क मिळवून दिला, ते स्वतः तारेला कधीच जोडलेलं नव्हतं.

निकाल लागला म्हणजे प्रश्न सुटला असं मात्र झालं नाही. १ जानेवारी १९६९ पासून कंपनीच्या नव्या अटी लागू झाल्या. बाहेरचं यंत्र थेट जोडायला आता परवानगी होती, पण मध्ये कंपनीकडून भाड्यानं घेतलेला एक संरक्षक डबा लावायचा. म्हणजे दार उघडलं, आणि दारात टोलनाका बसवला. गिऱ्हाइकानं स्वस्त यंत्र बाजारातून आणलं तरी डब्याचं भाडं महिन्याच्या महिन्याला भरायचंच. आणि कंपनीचं स्वतःचं यंत्र घेतलं तर डबा नको!

मग १९७० साली तिथल्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसनं यावर अहवाल दिला. त्यात अपायाचे चार प्रकार वेगळे काढले होते: धोकादायक व्होल्टेज, प्रमाणाबाहेर जोरकस संदेश, तारेच्या जोडीतला तोल बिघडणं, आणि एक्स्चेंजला चुकीच्या खुणा जाणं. काहीही न पाहता काहीही जोडू दिलं तर हे अपाय होऊ शकतात हे अहवालानं मान्य केलं. पण ते टाळायला डबा हा एकच उपाय नव्हता. साधनं आधी तपासून प्रमाणित केली तरी चालण्यासारखं होतं. १९७५ साली मंडळानं नोंदणीची पद्धत आणली. ठरलेल्या कसोट्यांना उतरलेलं यंत्र नोंदवायचं, आणि मग ते कोणीही विकावं, कोणीही जोडावं. काही राज्यांची मंडळं आणि टेलिफोन कंपन्या याविरुद्धही न्यायालयात गेल्या, पण १९७७ पर्यंत तो वाद मिटला.

कंपनीची भीती इथे कशी हाताळली गेली, ते बघा. ती उडवून लावली नाही. तिचे चार तुकडे केले, प्रत्येकाला मोजमाप लावलं, आणि त्यातून जोडणीची एक ठरलेली जागा तयार झाली. आधी 'कोणाचं यंत्र' हा प्रश्न होता, आता 'कसं यंत्र' हा प्रश्न आला. कार्टरफोनचा खरा वारसा आम्ही यात मानतो.

हा सगळा वाद व्यापाऱ्यांचा आहे असं कोणाला वाटेल, म्हणून आणखी एका जोडणीबद्दल सांगून पुढे जाऊ. रॉबर्ट वाइटब्रेक्ट नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात होते. ते कर्णबधिर होते आणि हॅमही होते. आवाज ऐकू येत नसल्यामुळे बिनतारी संचाला टेलिप्रिंटर जोडून ते लिखित संदेशांची देवाणघेवाण करत. तेच टेलिफोनवर करता आलं तर? कर्णबधिर माणसाला टेलिफोन म्हणजे भिंतीवरची निरुपयोगी वस्तू. डॉक्टरला बोलवायचं तर शेजाऱ्याचं दार ठोठवायचं. वाइटब्रेक्ट यांनी जेम्स मार्स्टर्स या कर्णबधिर दंतवैद्यांच्या आणि अँड्र्यू सॅक्स यांच्या साथीनं १९६४ मध्ये अशी जोडणी तयार केली. जुना टेलिप्रिंटर, आणि रिसीव्हर ठेवायला खळगे असलेलं यंत्र. अक्षरांचे सूर हवेतून रिसीव्हरमध्ये जाणार. तार थेट जोडायला बंदी होती, म्हणून इथेही हवाच मध्ये आली. हे कार्टरच्या निकालाच्या चार वर्षं आधीचं. दोन कर्णबधिर माणसं टेलिफोनवर एकमेकांशी बोलू लागली ती अशा उसन्या वाटेनं. जोडायची परवानगी हा प्रश्न कोणाकोणाच्या आयुष्याशी बांधलेला होता, ते यातून दिसतं.

सुरुवातीचे मॉडेमही असेच होते. रिसीव्हर खळग्यात दाबून बसवायचा आणि सेकंदाला साधारण ३०० बिट्सच्या गतीनं संगणकाशी बोलायचं. शेजारी कोणी खोकलं तरी अक्षर बिघडायची शक्यता. नोंदणीची पद्धत आल्यावर खळगे गेले. १९८१ साली आलेला हेजचा स्मार्टमॉडेम थेट टेलिफोनच्या तारेलाच जोडलेला होता. आवाज नोंदवून ठेवणारी यंत्रं, फॅक्स, बिनदोरीचे टेलिफोन याच दारातून घराघरांत गेले.

आणि आपल्याकडे? ज्यांनी टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं यादीत नाव ठेवलेलं होतं, त्यांना वेगळं सांगायला नको. आपला त्या वेळचा टेलिग्राफचा कायदा १८८५ चा होता, आणि त्यानं तार-टेलिफोनचा विशेषाधिकार सरकारच्या हाती ठेवलेला होता. घरात आलेलं काळं यंत्र खात्याचं असे, बंगळूरच्या आयटीआयमध्ये बनलेलं. ग्राहकाच्या घरची टेलिफोन यंत्रं बनवायला खासगी कारखान्यांना वाव मिळाला तो १९८४ च्या सुमारास. त्यानंतर दुकानातून रंगीत, बटणांचा फोन आणता येऊ लागला. तो आपण जोडला कशानं? एका बोटाएवढ्या रुंदीच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिननं, जिला एक चिमटी असते आणि खोचली की 'टक्' असा आवाज येतो. तिला आरजे-११ म्हणतात. यातलं 'आरजे' म्हणजे रजिस्टर्ड जॅक, नोंदणीकृत जोडणी. नोंदणी कुठली, तर तीच, १९७५ च्या अमेरिकी पद्धतीतली. आणि या प्रकारच्या पिनची मूळ रचना कोणाची? बेल कंपनीचीच. दुसऱ्या कोणी काही जोडू नये म्हणून जी कंपनी भांडली, तिच्याच घरची पिन पुढे जगभर सगळ्यांनी सगळं काही जोडायला वापरली.

टॉम कार्टर या सगळ्यातून श्रीमंत झाला नाही. त्याच्या यंत्राची गरज असलेले लोक मोजके, आणि ऐन उमेदीची वर्षं कागदपत्रांत गेलेली. तुम्हाला त्याचं यंत्र आज कुठल्या दुकानात मिळणार नाही. पण घरी गेल्यावर जुन्या टेलिफोनची वायर सापडली तर तिचं टोक जरा हातात घेऊन बघा. त्यात चार-सहा बारीक सोनेरी पट्ट्या दिसतील. रिसीव्हर ज्या खळग्यांत ठेवला जात असे, त्यांची जागा आता त्या पट्ट्यांनी घेतलेली आहे.

प्रश्नांसाठी थोडा वेळ राखून ठेवला आहे.